बाभळीचा दावा रतनच्या नावे

श्री बिरोबा प्रसन्न

मी, जोतीराम म्हस्कू मदने, वय वर्षे एकोणपन्नास, राहणार डाळज, तालुका इंदापूर, जिल्हा पुणे, धंदा शेती आणि आबा, आज रोजी स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. याची मी खात्री करून घेतली आहे. सकाळी उठून देवापुढे दिवा लावला, पत्नीचे नाव आठवले, म्हशीचे आठवले, आणि वडिलांना कोणत्या कुशीवर झोपवले होते तेही आठवले. मला कोणी दारू पाजलेली नाही, धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. आमच्या घरात कोणाला तेवढी सवड नाही.

हे लिहिण्याचे कारण असे. गेल्या महिन्यात वडिलांना, म्हणजे म्हस्कू आबांना, जीपमध्ये घालून बारामतीला तपासायला नेले. आबांचे वय ब्याऐंशी. अकरा वर्षांपूर्वी लकवा मारून त्यांची डावी बाजू गेली. तेव्हापासून ते खाटेवर आहेत आणि त्यांचे सगळे मी आणि माझी पत्नी रतन करतो. डॉक्टरांनी आबांची छाती पाहिली, नाडी पाहिली आणि म्हणाले, "ठणठणीत आहेत. दहा वर्षं कुठं जात नाहीत." मला आनंद झाला. त्या आनंदात मी भिंतीला टेकलो तो खालीच बसलो. मग डॉक्टरांनी आबांच्या दंडाचा पट्टा सोडून माझ्या दंडाला बांधला, दोनदा फुगवून पाहिला आणि विचारले, "तुमच्यातला पेशंट कोण?"

मी आबांकडे बोट दाखवले. आबांनी माझ्याकडे दाखवले.

डॉक्टर म्हणाले, "असंच चाललं तर आबाच तुम्हाला पोचवून येतील. जरा स्वतःकडे बघत जा." स्वतःकडे कसे बघायचे ते त्यांनी चिठ्ठीवर लिहिले नाही, गोळ्या तेवढ्या लिहिल्या. सबब मी आधी जाईन असे धरून पुढील व्यवस्था करीत आहे.

कलम एक. डाळज येथील माझ्या वाट्याची दोन एकर जमीन, तीन खणांचे पत्र्याचे घर, म्हैस आणि सायकल ही सर्व पत्नी रतन हिची. यावर कोणी हरकत घेऊ नये. घ्यायचीच असल्यास आधी आबांची कूस बदलावी, पाठीला पावडर लावावी, मग हात धुऊन हरकत घ्यावी.

कलम दोन. मुलगी राजेश्वरी पिंपळीला दिली आहे. घरातले पितळी घंगाळ आणि आईची घोंगडी तिची. ती माहेरी आली की मला "दादा, तुमी जेवला का?" असे विचारते आणि उत्तर येईपर्यंत थांबते. विचारणारे बरेच असतात, थांबणारी ती एकटी. तिने नोकरी-संसार सोडून आबांसाठी डाळजला येऊन राहू नये अशी माझी आज्ञा आहे. तिची सासू आज चालतीफिरती आहे, पण गुडघे धरून उठते. राजेश्वरीने आत्तापासूनच एखादा बांध आणि बांधापलीकडचा एखादा समंजस शेजारी पाहून ठेवावा. कशासाठी, ते कलम सहामध्ये कळेल.

कलम तीन. धाकटा भाऊ सर्जेराव सोमेश्वरनगरला असतो. मनाने वाईट नाही. दिवाळीला आणि जत्रेला येतो, अर्धा किलो पेढे आणतो, आबांना गिळत नाहीत म्हणून स्वतःच खातो, आणि खाटेच्या पायथ्याशी उभा राहून सांगतो, "अण्णा, आबांना मोकळी हवा लागती." मग खिडकी उघडतो आणि गाडीला उशीर होतो म्हणून निघतो. अकरा वर्षांत त्याने ती खिडकी बावीस वेळा उघडली. सदर खिडकी मी सर्जेरावाच्या नावे करतो. खिडकीबरोबर आबांचे लघवीचे भांडे, ॲल्युमिनियमचे, एक नग, दरसाल एक महिना स्वतःच्या हाताने चालवण्याचा वहिवाटीचा हक्कही त्याला देतो. हा हक्क त्याला विकता येणार नाही, गहाण टाकता येणार नाही, आणि बायकोकडे वर्ग करता येणार नाही.

कलम चार, सांजेची मोजणी. आबांनी पन्नास वर्षे मेंढरे राखली. एकोणऐंशी साली सगळे रान उसाखाली गेले, चारायला जागा उरली नाही आणि कळप विकला. लकवा मारल्यानंतर दोन वर्षांनी आबांना तो कळप परत आला. आता रोज दिवेलागणीला ते खाटेवरून उजवा हात पुढे धरतात आणि मेंढरू आत घेताना पाठीवर हात ठेवून मोजावे तसे मोजतात. एकवीस भरल्याशिवाय जेवत नाहीत. एक कमी भरले तरी "लांडग्यानं नेलं, लांडग्यानं नेलं" म्हणून डोळ्यांतून पाणी काढतात आणि तोंड मिटून घेतात. मग गोळीही जात नाही.

घरात मेंढरू नाही. म्हणून मी पुढच्या दाराने वाकून येतो, आबांच्या हाताखालून जातो, मागच्या दाराने बाहेर पडतो, घराला वळसा घालतो आणि पुन्हा पुढच्या दाराने वाकून येतो. माझ्यामागे रतन. म्हैस खिडकीशी उभी केली की आबा हात बाहेर काढून तिला मोजतात. ती दोनदा मोजून देते, तिसऱ्यांदा तिला कंटाळा येतो. (सर्जेरावाच्या खिडकीचा हा एवढा उपयोग झाला आहे, तो प्रामाणिकपणे नमूद करतो.) राहिलेल्या एकोणीसपैकी दहा फेऱ्या माझ्या, नऊ रतनच्या. जावई पहिल्यांदा मुक्कामाला आले तेव्हा त्यांनी हे पाहिले आणि काही न विचारता तेही वाकले. चांगला माणूस आहे.

माझ्या पश्चात माझ्या दहा फेऱ्या कोणी माराव्यात हे मला ठरवता आलेले नाही. जागा कोरी ठेवीत आहे:

. . . . . . . . . . . . . . .

कलम पाच. येथून पुढील कलमे मोठ्याने वाचू नयेत. ती फक्त रतनने वाचावीत. ती चौथीपर्यंत शिकलेली आहे आणि माझे अक्षर तिला लागते. त्या वेळी सर्जेराव हजर असल्यास त्याला खिडकीपाशी पाठवावे.

कलम सहा. इंदापूरच्या कोर्टात मोहनराव रंगनाथ धुमाळ यांच्याविरुद्ध माझा जो दावा आठ वर्षे चालू आहे, तो दावा नाही.

रतन, हे वाक्य पुन्हा एकदा वाच. दावा नाही. कधीही नव्हता.

झाले असे. आमच्या आणि मोहनरावांच्या रानामध्ये बांध आहे आणि बांधावर बाभळ होती. ती कोणाची यावरून एकोणनव्वदच्या मे महिन्यात आमचे खरेच भांडण लागले. लागायला बाभळ निमित्त होती. आबांना लकवा मारून तीन वर्षे झाली होती. तिकडे मोहनरावांची बायको वारलेली, आणि आई नुकतीच माणसे विसरू लागलेली. ती मोहनरावांना आपला थोरला दीर समजते. त्यांना पाहिले की डोक्यावरून पदर घेते आणि त्यांच्यासमोर जेवत नाही. म्हणून मोहनराव तिच्याकडे पाठ करून बसतात आणि ताट मागे सरकवतात. तर अशा दोन माणसांचे भांडण. "कोर्टात खेचतो तुला!" ते म्हणाले. "खेचताय कशाला, मीच चाललोय!" मी म्हणालो. आणि एकाच एस.टी.ने, वेगवेगळ्या बाकावर बसून, आम्ही इंदापूरला गेलो.

कोर्टाला उन्हाळ्याची सुट्टी होती. हे आम्हा दोघांनाही माहीत नव्हते. बाहेर एक कडुनिंब होता आणि सावली एकच होती, म्हणून नाइलाजाने दोघेही त्याच सावलीत बसलो. बसलो ते झोपलो.

जाग आली तेव्हा मोहनरावांनी विचारले, "किती वाजलं?"

"चार."

"चार तास कुणी हाक मारली न्हाय मला."

"मलाबी न्हाय."

मोहनरावांनी उठून धोतर झटकले. मग ते म्हणाले, "जोतीराम, बाभळ घे तू."

मी म्हणालो, "नको, तुमीच घ्या."

घरी आलो तर तू दारातच विचारलेस, "काय झालं कोर्टात?" मी खरे सांगणार होतो. पण तेवढ्यात आतून आबांनी तीन हाका मारल्या, आणि माझ्या तोंडून निघाले, "पुढची तारीख दिलीया." आपल्या भागात एवढे सांगितले की पुढे कोणी काही विचारत नाही. दुसऱ्या दिवशी मोहनराव बांधावर उभे राहून साऱ्या शिवाराला ऐकू जाईल असे ओरडले, "पंधरा दिसांनी बघतो तुला इंदापुरात!" आणि मला कळले की त्यांनीही घरी तेच सांगितले आहे.

तेव्हापासून दर पंधरवड्याला तारीख पडते. त्र्याण्णवच्या वादळात बाभळ मुळासकट पडली. खोड दोन्ही घरांनी निम्मे निम्मे चुलीत घातले, आमच्या वाट्याच्या फांद्या घरामागे कुंपणाला लावल्या. तरी दावा चालूच आहे, आणि गावात एकालाही त्यात वावगे वाटले नाही.

कलम सात, कामकाजाची पद्धत. ही लिहून ठेवतो, कारण पुढे उपयोगी पडेल. गावात आम्ही एकमेकांचे तोंड पाहत नाही. इंदापूरच्या स्टँडवर उतरलो की रामराम घालतो. कडुनिंबाखाली बसायचे. चहा येतो. एक कप संपेपर्यंत एकाने बोलायचे, दुसऱ्याने ऐकायचे. सल्ला द्यायचा नाही; तो घरी फुकट मिळतो. "तुम्ही पुण्यवान, तुम्हाला सेवा घडते" असे म्हणायचे नाही. म्हणेल त्याने सगळ्यांचा चहा द्यायचा. जे बोलले जाईल ते एस.टी.त बसण्यापूर्वी तिथेच सोडायचे. मग तासभर झोपायचे.

एकदा मी सांगितले की आबा सारखे ओरडत होते म्हणून मी त्यांना अंगणात उन्हात ठेवले आणि गोठ्यामागे जाऊन तासभर बसून राहिलो, हाका ऐकू येत असताना. हे मी देवालाही सांगितलेले नव्हते. मोहनरावांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "मी दोन तास."

एवढेच म्हणाले. त्या दिवशी मी घरी येऊन आबांची दाढी करून दिली आणि करताना गाणे म्हटले, ते तुला आठवत असेल. तू विचारलेस, "निकाल आपल्यासारखा लागला का काय?"

तिसऱ्या वर्षापासून सारजाक्का बंडगर साक्षीदार म्हणून येऊ लागली. तिचा नवरा दत्तोबा उसाची गाडी अंगावर उलटल्यापासून अंथरुणावर आहे आणि तोंडाने फार कडू झाला आहे. बाभळीचे भांडण आपल्या बायकोने डोळ्यांनी पाहिले, असे त्याचे ठाम मत आहे. दर तारखेच्या आदल्या दिवशी तो तिची उलटतपासणी घेतो. "वकील दरडावल तुला. घाबरू नको. जे दिसलं त्येच सांग." सारजाक्का म्हणते, "चौदा दिस शिव्या देतो, आन् एक दिस हिंमत देतो. तेवढ्यासाठी तरी येऊ द्या मला." तिला साक्षीतून मोकळे करू नये.

कलम आठ. सदर दावा कोणीही मिटवू नये. विशेषतः सर्जेरावाने. चौऱ्याण्णवच्या दिवाळीत त्याला वाटले की भावासाठी काहीतरी करावे. त्याने चार मोठी माणसे जमवली, आम्हा दोघांना बिरोबाच्या देवळात बोलावले, भंडारा लावला आणि एकमेकांना मिठी मारायला लावली. मिठी मारताना मोहनराव माझ्या कानात म्हणाले, "गेली की रं तारीख." त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ते पाहून चारही मोठ्या माणसांच्या डोळ्यांत पाणी आले. सर्जेरावाने पेढे वाटले.

तीन पंधरवडे तारीख नव्हती. तिसऱ्या पंधरवड्यात मी आबांच्या हातातून वाटी हिसकावली आणि भिंतीवर फेकली. त्याच संध्याकाळी मी बांधावर गेलो. पलीकडे मोहनराव उभेच होते.

"भांडायला पायजे," ते हळूच म्हणाले. "लोकं बघत्यात. दे शिवी."

मला शिवी सुचेना. माळकरी घरातला नसलो तरी तोंडाला सवय नाही. मी ओरडलो, "मोहनराव, तुमच्यापरीस तुमची बैलं शानी हायत!"

"हेला शिवी म्हणत्यात व्हय?" ते दबक्या आवाजात म्हणाले, आणि मग मोठ्याने, "माज्या बैलांचं नाव घेतोस? आता सुट्टी न्हाय तुला! वरच्या कोर्टात जातो!" आणि त्यांनी ढेकूळ उचलून मारले. ते नेम धरून चुकवायचे होते, पण माझ्या गुडघ्याला लागले. ती खूण आजही आहे. पुढच्या गुरुवारी आम्ही इंदापूरला होतो. चहा मोहनरावांनी दिला.

कलम नऊ. आता जे लिहायचे ते लिहितो.

रतन, नव्वद साली तू बिरोबाला नवस बोललीस की दाव्याचा निकाल लागेपर्यंत पायात चप्पल घालणार नाही. मला तू नंतर सांगितलेस. तेव्हा मी बोलायला हवे होते. मी म्हणालो, "बरं केलंस." आज सात वर्षे तू अनवाणी आहेस. रानात, रस्त्याच्या डांबरावर, राजेश्वरीच्या लग्नात सुद्धा. आणि निकाल कशाचा लागणार?

त्याहून वाईट असे की तारखेच्या दिवशी माझी एस.टी. दिवेलागणीनंतर येते. त्या दिवशी एकोणीसच्या एकोणीस फेऱ्या तू एकटी मारतेस. घरामागे त्याच बाभळीच्या फांद्यांचे कुंपण आहे. मी इंदापुरात झोपून ताजा होऊन येतो आणि तू चुलीपुढे बसून सुईने काटे काढत असतेस. मी विचारतो, "लय लागलं का?" तू म्हणतेस, "तारीख कशी झाली?"

आबांचे अकरा वर्षांत मी जेवढे केले त्याहून तू जास्त केलेस, आणि तुला एकही तारीख मिळाली नाही. मी रोज देवापुढे उभा राहून हे सांगतो. पण देवाला सांगणे सोपे आहे, तो चुलीपुढे बसलेला नसतो.

सबब, माझ्या पश्चात सदर दावा, त्याच्या सर्व तारखा, कडुनिंबाखालील माझी जागा, तारखेला नेतो ती कोर्टाची पिशवी आणि मोहनरावांशी असलेले वैर, ही सर्व पत्नी रतन हिला वारसाहक्काने मिळावीत. तिने दावा चालवावा. चपलेचा एक जोड तिच्या मापाचा घेऊन मी पेटीत, कपड्यांच्या तळाशी ठेवला आहे. तो तिने घालावा आणि नवसाचे पाप माझ्या नावे लावावे.

येथपर्यंत दिनांक चार डिसेंबरला लिहून झाले होते. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात. माझी ही गोष्ट माहीत असलेली माणसे दोनच, म्हणून मोहनराव आणि सारजाक्का यांना काल, दिनांक आठ रोजी, घरी बोलावले. पुढील मजकूर त्यानंतरचा आहे.

मोहनराव उसातून, मागच्या दाराने आले. आठ वर्षांत पहिल्यांदा. वेळ दिवेलागणीची होती. मोजणी चालू होती आणि रतन आत पाण्यापाशी होती. मोहनराव दाराच्या कमी उंचीमुळे वाकले ते नेमके आबांच्या हाताखाली आले. आबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"वीस," आबा म्हणाले. आणि हात उचलेनात. चाचपत राहिले. "ह्यो आपला न्हवं."

मोहनराव वाकलेलेच राहिले. मी म्हणालो, "आबा, सोडा त्यास्नी."

"दुसऱ्याच्या कळपातला हाय. पाठ बघ कशी झालीया, लाकडावानी. लय लांबनं आलंय." आबांनी पाठीवरून हात फिरवला. "हाकलू नको. राहू दे आज आपल्यात. त्येचा धनी येईल शोधत."

मोहनराव तसेच वाकून पुढे गेले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. तेवढ्यात सारजाक्का पुढच्या दारातून वाकून आली. ती एकविसावी भरली. मोजणी पुरी झाली, आबा जेवले.

मग रतन चहा घेऊन आली. तिच्या नवऱ्याचा वैरी तिच्या घरात भिंतीला टेकून डोळे पुसत होता आणि तिने पदरही सावरला नाही. तिने मला कप दिला, सारजाक्काला दिला, आणि तिसरा वेगळा कप मोहनरावांपुढे ठेवला.

"बिनसाखरेचा हाय, भावजी," ती म्हणाली.

मोहनराव म्हणाले, "आक्का, मला साखर चालत न्हाय हे तुमास्नी कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगाया पायजे? इंदापुरात तसाच पेत व्हता की."

मी कप खाली ठेवला. सारजाक्काने पत्र्याकडे पाहिले.

"कवा?" मी विचारले.

"ब्याण्णव साली. तुमी चष्मा इसरून गेला व्हता. मी म्हटलं, कागद कसं वाचणार? शेजारच्या काकूला बसवलं मामंजींजवळ आन् पुढची एस.टी. धरली." ती चुलीकडे पाहून बोलत होती. "कोर्टात इचारलं तर असला दावाच न्हाय म्हणालं. भायेर आले तर लिंबाखाली तुमी. भावजींच्या मांडीवर डोकं ठेवून घोरत व्हता. त्ये बिनसाखरेचा चहा पेत व्हतं आन् एका हातानं तुमच्या तोंडावरच्या माश्या वारत व्हतं."

"मग उठवलं का न्हाई?"

"सहा वर्सांत तुमाला तसं निजलेलं बघितलं नव्हतं."

आतून आबा म्हणाले, "सगळी आत आली न्हवं?" रतन म्हणाली, "व्हय मामंजी, आली."

मला एकच विचारायचे होते. "अगं, मग तवाच चप्पल का न्हाय घातलीस? पाच वर्सं झाली."

"नवस तवाच फेडला. त्याच दिशी बिरोबाला नारळ फोडून सांगितलं, दावाच न्हाय तर निकाल कसला, मोकळी कर मला. देवानं केली." मग तिने माझ्याकडे पाहिले. "पर पायात चप्पल बघितली असती तर गाव इचारणार, निकाल लागला का? आन् निकाल लागला म्हणलं की तुमची तारीख गेली. ही पाच वर्सं देवासाठी न्हाई वो फिरले. तारखेसाठी फिरले."

मोहनराव उठून मागच्या दाराबाहेर गेले. काही वेळाने कुऱ्हाडीचा आवाज येऊ लागला. ते घरामागचे बाभळीचे कुंपण तोडून काढत होते. सारजाक्का म्हणाली, "काढू द्या त्यास्नी. न्हाय तर रडत्याल."

सबब, वरील कलमांत खालीलप्रमाणे बदल करीत आहे.

कलम नऊमधील "माझ्या पश्चात" हे शब्द मी रद्द करीत आहे. मरेपर्यंत थांबण्याचे कारण राहिलेले नाही. सदर दावा आजपासून रतनच्या नावे झाला. एक तारीख तिची, एक माझी. गावाने विचारल्यास सांगावे की माझा रक्तदाब चढतो, डॉक्टरांनी कोर्टकचेरीची दगदग बंद सांगितली आहे, म्हणून बायको हजर राहते. यातले अर्धे खरे आहे. माझ्या आठ वर्षांत हे प्रमाण बरेच चांगले म्हणावे लागेल.

कलम चारमधील कोरी जागा मोहनरावांनी स्वतः होऊन मागून घेतली. तारखेच्या दिवशी ते आणि सारजाक्का दुपारच्याच एस.टी.ने परततील; घरी जो एकटा राहील त्याच्याकडे मोहनराव उसातून येतील आणि दहा फेऱ्या मारतील. वैराचे काय, असे मी विचारले. ते म्हणाले, "वाकून आल्यावर कोण वळखतंय?" आबांनी त्यांना कळपात घेतलेच आहे. त्यांच्या आईचे ताट त्या वेळी सारजाक्का वाढेल; तिच्यासमोर म्हातारी पदर घेत नाही.

चप्पल पेटीतून काढून रतनला दिली. एक अंगठा घट्ट होतो, पण चालेल म्हणाली. सध्या चप्पल कोर्टाच्या पिशवीत राहील. एस.टी.ने डाळज सोडले की घालायची, आणि परत येताना गावाच्या अलीकडे काढायची. दत्तोबाला सांगितले आहे की नवीन वादीची उलटतपासणी त्यानेच घ्यावी. तो खूश आहे.

परवा, गुरुवारी, रतनची पहिली तारीख आहे. मी घरी आबांजवळ राहीन. तिने आज दोनदा विचारले, "तितं जाऊन बोलायचं काय?" मी सांगितले, "काय बी नको बोलू. निजलीस तरी चालतंय."

हे मृत्युपत्र मी राजीखुशीने, पूर्ण शुद्धीवर लिहिले, वाचले आणि रतनला वाचायला दिले. तिने कलम तीनमध्ये भांड्याला एक महिना ऐवजी दोन महिने करायला सांगितले. तेथे आता दोन महिने असे वाचावे. ते मी पुढील साक्षीदारांसमक्ष सही करून, आणि त्यांनी माझ्यासमक्ष सही करून, पुरे केले.

स्थळ: डाळज, तालुका इंदापूर
दिनांक: ९ डिसेंबर १९९७, मंगळवार

सही
जोतीराम म्हस्कू मदने

साक्षीदार
१) मोहनराव रंगनाथ धुमाळ, राहणार डाळज (प्रतिवादी)
२) सारजा दत्तोबा बंडगर, राहणार डाळज, निशाणी डाव्या हाताचा अंगठा (दोन्हीकडची साक्षीदार)

ता.क. हा कागद वाचून झाल्यावर घडी करून कोर्टाच्या पिशवीतच ठेवावा. पिशवीत चप्पल असल्यास आधी ती बाहेर काढावी, पुसावी, आणि रतन झोपली असेल तर तिच्या उशाशी ठेवून यावी. उठवू नये.